सहाशे बारा मुलींची मापं

"लिही," मी म्हटलं. "माझ्या हातून चूक झाली, असं लिही. खाली सही कर, तारीख घाल."

उज्ज्वला कसबे कटिंगच्या टेबलाशी उभी होती. तिच्यासमोर मीच कागद ठेवला होता, पेनही माझंच. तीस-बत्तीस वर्षांची बाई, प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीची, सकाळच्या एसटीनं सोलापूरहून आलेली. पर्स अजून खांद्यालाच होती. तिनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"आक्का, असं लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. माझ्या बावीस बायांची जाण्यापेक्षा तुझी एकटीची गेलेली बरी."

बावीसच्या बावीस बाया तिथंच उभ्या होत्या, पूजेच्या नव्या साड्यांत, कपाळावर ओलं कुंकू. एकीनंही तोंड उघडलं नाही. मला ते बरंच वाटलं. मी बोलत असताना माझ्या कारखान्यात दुसरा आवाज निघत नसे, आणि याचा मला गर्व होता. आज चौदा वर्षांनी हे लिहिताना तो गर्व लपवून काय करू? होता.

आमचा बार्शीला शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. सासऱ्यांनी एका मशिनीवर सुरू केला, मी बावीसवर नेला. मी तिसरीपर्यंत शिकले, पण कात्री हातात घेतली की भल्याभल्यांनी बाजूला व्हावं. कटिंग माझ्याशिवाय कोणी करायचं नाही, हा नियम. त्या साली एका निवासी कन्याशाळेचं काम मिळालं होतं. सहाशे बारा मुली. तिथल्या मोठ्या बाई हट्टाच्या होत्या. तयार साइजचे कपडे मुलींच्या अंगावर टांगायचे नाहीत, प्रत्येकीचं वेगळं माप घ्यायचं, आणि दिवाळीची सुट्टी संपवून मुली परत येतील त्या दिवशी नवा कुडता-सलवार त्यांच्या पलंगावर पाहिजे. एक जरी उशिरा आला तर पुढच्या वर्षीपासून काम दुसऱ्याला. त्या कामाच्या भरवशावर मी दुसरी दोन कामं सोडली होती.

मापं माझ्या सुनेनं, रेणुकानं घेतली होती. वहीत नाही, थेट कॉम्प्युटरवर. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, सलवारची मोहरी, एकेकीची नऊ-नऊ मापं. वही लिहिली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणारे नंतर पुष्कळ भेटले.

आणि प्रोग्राम नवा आला होता. मी रेणुकाला सांगितलं, खंडेनवमीलाच बसवायचा. त्या दिवशी मशिनींची पूजा असते, तर नव्यालाही हळद-कुंकू लागेल. कंपनीला सुट्टी होती. मी फोनवर त्यांच्या साहेबाला असं काही बोलले की त्यानं सुट्टीतही माणूस पाठवलं. ती ही उज्ज्वला.

सकाळी नऊला आली. चहा घेताना मी तिला विचारलं, "एक प्रोग्राम बसवायला एवढं काय लागतं गं?"

"आक्का, मापं स्क्रीनवर दिसतात, पण राहतात दुसरीकडं," ती म्हणाली. "खाली डेटाबेस सर्व्हर म्हणून असतो, त्यात. स्क्रीन म्हणजे दुकानाचा काउंटर. माल सगळा मागच्या खोलीत."

"मग?"

"नव्या प्रोग्रामला तुमची जुनी खोली चालत नाही. त्याला नवा सर्व्हर लागतो. इन्स्टॉलर, म्हणजे बसवायचं काम करणारा प्रोग्राम, आधी बघतो, जुना आहे का. असला तर तो बंद करून काढतो, नवा बसवतो आणि माल नव्यात लावतो. सगळं तोच करतो. मी नुसतं बटण दाबायचं."

"बटण दाबायला सोलापूरहून बाई आणायची?" मी म्हटलं. बाया हसल्या. उज्ज्वलाही हसली.

मग ती कॉम्प्युटरपाशी बसली, खाली वाकून काहीतरी बघितलं, रेणुकाशी हळू आवाजात बोलली आणि मला म्हणाली, "आधी सगळ्या मापांची एक प्रत काढून ठेवते. मशीन जुनं आहे, पाऊण तास जाईल."

"सव्वादहाचा मुहूर्त आहे. पाऊण तास कुठून आणू? तुझा तो इन्स्टॉलर माल नीट नेतो ना?"

"नेतो तसा, पण..."

"नेतो ना? मग दाब बटण. भटजी काय तुझ्यासाठी बसून राहणार आहेत?"

तिनं रेणुकाकडं पाहिलं आणि बटण दाबलं.

पूजा छान झाली. आमच्यात पूजेच्या वेळी कारखान्यातलं एकही यंत्र फिरता कामा नये, अशी सासूबाईंपासूनची रीत. मेन बंद करतात, पंखेसुद्धा थांबतात, मग त्या शांततेत मंत्र. बावीस मशिनी, ओव्हरलॉकच्या दोन, काज-बटणाची एक, कात्र्या, टेपा, झेंडूचे हार. कॉम्प्युटरलाही मी माझ्या हातानं कुंकू लावलं. अर्ध्या तासानं आरती झाली, मेन चालू केला. पेढे वाटत असताना रेणुकाचा आवाज आला, "आई, जरा इकडे या."

नवा प्रोग्राम उघडला होता. मुलींच्या यादीत दोनशे अडतीस नावं. पुढं पांढरं.

"बाकीच्या कुठायत?"

उज्ज्वलाचे हात कीबोर्डवर चालत होते. "मध्येच वीज गेली, आक्का. जुना सर्व्हर निघाला होता आणि नव्यात माल अर्धाच पोचला होता. आता जुन्यातही नाही, नव्यातही नाही."

"वीज कुठं गेली? समोरच्या मेडिकलचा पंखा गरागरा फिरत होता. मी इथून बघत होते. आणि गेली तरी हा टेबलाखाली बॅटरीचा डबा कशाला ठेवलाय, शोभेला?"

उज्ज्वलानं रेणुकाकडं पाहिलं. रेणुका रांगोळीकडं बघत होती. आमची सगळ्यांत जुनी बाई सुंद्राबाई, तिनं हारातला एक झेंडू काढला आणि परत तिथंच खोचला.

"तोंड शिवलंय का सगळ्यांचं?" मी म्हटलं. "ही बाई येते, सहाशे पोरींची मापं बुडवते आणि वर वीज गेली म्हणते. भर सणाला, माझ्या दारात येऊन."

त्यानंतर मी तिला जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. तिच्या शिक्षणावर बोलले. तिच्या आईनं तिला काय शिकवलं, यावरही बोलले. मग कागद आणला.

ती लिहीत होती तेव्हा तिचं पेन दोनदा थांबलं. दोन्ही वेळा तिनं मान वर करून हॉलमध्ये सगळ्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, दया मागतेय. मी म्हटलं, "इथं कोणी वकील नाही तुझा. लिही." तिनं लिहिलं, सही केली. पेढ्याची पुडी तशीच ठेवून गेली. पत्र मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाकरवी तिच्या ऑफिसात पोचवलं.

दसरा झाला आणि मी चार बाया, रेणुका आणि पाच टेपा घेऊन त्या शाळेत गेले. परीक्षा चालू होत्या, वर्गात सोडायला कोणी तयार नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, जेवणाच्या रांगेत घ्या. ताट हातात धरून उभ्या असलेल्या पोरींची मापं आम्ही घेतली, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. एक चिमुरडी मला म्हणाली, "आजी, मागच्या महिन्यात घेतलं होतं की माझं."

"वाढलीस तू," मी म्हटलं. मनात उज्ज्वला कसबेला आणखी चार शिव्या दिल्या.

यावेळी वहीत लिहिलं. काम वेळेत झालं, सहाशे बाराच्या सहाशे बारा. शेवटच्या गठ्ठ्यावर दोरी बांधली त्या दुपारी कंपनीचे साहेब आले. देशमाने म्हणून होते, गोरेगोमटे, गोड बोलणारे.

"आक्का, तुम्हाला त्रास झाला, मी स्वतः माफी मागायला आलोय. त्या बाईंना आम्ही तिसऱ्याच दिवशी काढून टाकलं. तुमचं पत्र मिळालं, मग प्रश्नच नव्हता."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? चांगलं झालं, असं मी तोंडानं म्हणालेसुद्धा.

"फक्त एक," ते म्हणाले, "आमच्या इन्स्टॉलरमध्ये दोष नव्हता, हे तुम्हाला दाखवावं म्हटलं. तो प्रत्येक पावलाची वेळेसकट नोंद ठेवतो. तुमच्या मशीनवरची ही नोंद." त्यांनी कागद टेबलावर पसरला. इंग्रजी. मी रेणुकाला म्हटलं, वाच.

ती वाचेना.

"वाच म्हटलं ना."

"नऊ बावन्न, जुना सर्व्हर सापडला," रेणुका वाचायला लागली. "नऊ अठ्ठावन्न, जुना बंद केला. दहा चार, नवा बसवला. दहा नऊ, माल हलवायला सुरुवात. दहा सतरा, दोनशे अडतीस." ती थांबली.

"पुढं?"

"पुढं काही नाही, आई. कागद कोरा आहे."

"म्हणजे त्या क्षणी वीज तुटली," देशमाने म्हणाले. "यात एका मिनिटाचाही फरक नाही. यंत्र खोटं बोलत नाही."

घड्याळ मला वाचता येतं. मुहूर्त सव्वादहाचा होता. भटजींचा शंख वाजला आणि मी उठून दाराशेजारच्या पेटीकडं गेले. मेनचा खटका पाडायचा मान सासूबाईंनी मला दिला होता, त्याला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. दुसऱ्या कोणी त्याला हात लावलेला मला खपत नाही. दहा वाजून सतरा मिनिटांनी त्या खटक्यावर माझा हात होता.

"पण बॅटरी होती," मी म्हटलं.

"दोन वर्षांपासून मेलेली आहे," रेणुका म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, माहेरून आण. मग मी सोडून दिलं."

"तिला ठाऊक होतं? त्या कसबेला?"

"बॅटरी मेलीय, हे तिनं आल्याआल्याच बघितलं होतं. मी म्हटलं, आज सणाला वीज जायची नाही. मग तुम्ही पेटीकडं गेलात तेव्हा ती ओरडणार होती. मी तिचा हात दाबला. पूजेत तुम्हाला अडवलं असतं तर..."

"नंतर का नाही बोललीस? मी तिला लिहायला लावत होते तेव्हा?"

"नंतर तुम्ही बोलत होतात, आई."

हॉलमधल्या मशिनी एकेक करून थांबत गेल्या होत्या. मी वळले. "तुमच्यापैकी कोणाकोणाला ठाऊक होतं?"

कोणी हात वर केला नाही आणि कोणी मानही हलवली नाही. बावीस जणी खाली बघत होत्या. मला उत्तर मिळालं.

मला लाज वाटली, असं लिहायला हवं. ती पुढं वाटली. त्या क्षणी अंगाची नुसती आग झाली. बावीस बाया, एक सून, सगळ्यांनी मला एका निरपराध बाईचा गळा कापताना बघितलं आणि हार नीट करत बसल्या. त्यातल्या चौघी तीन दिवस माझ्याबरोबर त्या शाळेत उभ्या राहिल्या, मी तिला शिव्या देत होते ते ऐकलं, आणि हूं हूं करत राहिल्या. एवढी मी त्यांना वाघीण वाटत होते? की वेडी?

सगळ्यांत जवळ देशमाने सापडले.

"तुमच्या यंत्रानं आधी प्रत का नाही काढली?"

"सोय आहे, आक्का. एक चौकट असते, तिच्यावर खूण केली की प्रत निघते. आपणहून खूण केलेली नसते, वेळ वाचावा म्हणून."

"वेळ वाचावा म्हणून! अहो, माझ्याकडं काल लागलेली बाईसुद्धा जुना कुडता उसवायच्या आधी त्याचं माप उतरवून घेते. आणि तुमचं यंत्र जुना सर्व्हर उपटून फेकतं आणि प्रत हवी का हे एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ठेवतं? त्या बाईला प्रत काढायची होती. मी काढू दिली नाही. वीजही मीच तोडली. तिला काढलंत ते कशावरून?"

"पत्रावरून. तिच्या हातचं आहे, आक्का."

"हात तिचा. शब्द माझे आहेत. ते पत्र परत आणा आणि तिला कामावर घ्या."

पत्र त्यांनी आणून दिलं. कामावर घ्यायलाही तयार झाले. माझ्या तोंडी पुन्हा लागायचं त्यांना नव्हतं.

उज्ज्वला कुर्डुवाडीची. पत्ता रेणुकाकडं होता, दोघी मधूनमधून फोनवर बोलत होत्या, हेही मला तेव्हाच कळलं. मी एकटी गेले. स्टँडच्या मागं एका झेरॉक्सच्या दुकानात ती काम करत होती. मला बघून तिनं यंत्राचं झाकण मिटलं. पाणी विचारलं नाही. बरोबरच केलं.

"तुझं पत्र आणलंय," मी म्हटलं.

"काय करू त्याचं? झेरॉक्स काढू?"

एरवी मला असं कोणी बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. "देशमाने तुला परत घेतायत."

"मी नाही जाणार. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. एक कागद वाचला आणि सामान घ्या म्हणाले."

"चूक माझी होती. मी आलेय सांगायला."

"कोणाला सांगायला?" तिनं इकडं तिकडं पाहिलं. दुकानात आम्ही दोघीच. "त्या दिवशी बावीस बाया होत्या, आक्का. लिहिता लिहिता मी मोजत होते. एक तरी बोलेल म्हणून. त्यांच्यासमोर बोला. मी येते ऐकायला."

परतीच्या एसटीत मी रागानं खदखदत होते. काल आलेली पोरगी मला माझ्याच कारखान्यात उभं करणार! बार्शीच्या स्टँडवर उतरेपर्यंत मी तिला मनातल्या मनात दहा उत्तरं दिली. पण ती बरोबरच बोलली होती, हे त्यातल्या एकाही उत्तरानं खोडता येईना.

सोमवारी ती आली. मी मशिनी थांबवायला सांगितल्या. मेनच्या पेटीकडं न जाता, तोंडानं. दाराशी ती उभी होती, टेबलाशी मी, तिच्याच जागी.

"या बाईनं काही बिघडवलं नव्हतं," मी म्हटलं. "तिला प्रत काढायची होती, मी नको म्हटलं. मेन मी पाडला. पत्र मी लिहून घेतलं. तिची नोकरी माझ्यामुळं गेली."

एवढंच बोलले. उज्ज्वला पुढं आली, टेबलावरचं पत्र उचललं, चार घड्या करून पर्समध्ये टाकलं. "माझी एसटी आहे," म्हणाली आणि गेली. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल, सोडून द्या आक्का, झालं ते झालं, असं काही. नाही बोलली. त्यानंतर तिनं आमच्या कारखान्यात पाय ठेवला नाही.

मी कात्री उचलली. "झालं ना बघून? लागा कामाला."

एकही मशीन चालू झाली नाही.

"आता काय?"

"आक्का," सुंद्राबाई म्हणाली. बसल्या जागेवरूनच. सव्वीस वर्षं ती माझ्याकडं होती. "एक बोलू का?"

"बोल की. आज काय, सणच आहे."

"कुडत्याच्या खांद्याचा उतार तुमी दोन वर्षं झाली अर्धा इंच जास्त कापताय. डाव्या बाजूला. आमी शिवताना ओढून घेतो. समद्याच घेतो."

डोकं असं तडकलं की समोरचं कापड दिसेना. माझं कटिंग! ज्याला सासूबाईंनीही कधी नाव ठेवलं नाही. सहाशे बारा कुडते मी कापले आणि यांनी, न सांगता, माझ्या पाठीमागं, सहाशे बारा खांदे ओढून सरळ केले. दोन वर्षं. मी कात्री हातात धरून तिच्याकडं रोखून पाहिलं. पण यावेळी सुंद्राबाईनं मान खाली घातली नाही.

मी कात्री टेबलावर ठेवली आणि कापड तिच्या बाजूला सरकवलं.

"दाखव," मी म्हटलं.

ती टेप घेऊन उठली. तिच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या.